वाटेतला देश

“फ्रँकफर्टला व्हिसा लागतो का हो?”

हा प्रश्न बसवनगुडीत मला इतक्यांदा विचारला गेलाय की ब्यूगल रॉकच्या बागेतल्या माझ्या बाकाला काही मंडळी ‘एन्क्वायरी’ म्हणायला लागली आहेत. विचारणारे बहुतेक साठी ओलांडलेले. मुलगा सनीव्हेलला, मुलगी डब्लिनला, नाहीतर सून टोरांटोत बाळंत होणार. भाषा कधी कन्नड, कधी मराठी, बऱ्याचदा दोन्हींचं कालवण: “स्टॅम्पिंग आयतु, पण ट्रान्झिटचं काय?” तिकडची थंडी सरली की, म्हणजे मार्च-एप्रिलात, गर्दी वाढते. बाळंतपणाला निघालेल्या आज्यांना मात्र मोसम नसतो.

मी विमान कंपनीतला नव्हे. बँकेतून निवृत्त झालेला बेळगावचा माणूस. या विषयात पडलो तो एकदा तोंड पोळलं म्हणून. २०२३च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे एडिंबरोला निघालो होतो. ब्रिटनचा व्हिसा पासपोर्टात होता. युरोपातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. विमान पहाटेचं, म्हणून रात्री नऊलाच घर सोडलं. (एचएएलचा जुना विमानतळ चालू होता तेव्हा बसवनगुडीहून रिक्षानंही जाता यायचं. २००८च्या मे महिन्यात सगळा कारभार देवनहळ्ळीला गेला, तेव्हापासून विमानतळ आम्हाला परगावच.) काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट घेतले, पानं उलटली, पुन्हा उलटली, काहीतरी टाइप केलं आणि विचारलं, “अंकल, अमेरिकेचा व्हिसा आहे का? किंवा शेंगेनचा?” मी म्हटलं, आम्ही ब्रिटनला चाललोय, अमेरिकेचा कशाला? “मग मधल्या एअरपोर्टसाठी ट्रान्झिट व्हिसा लागेल.” मी म्हटलं, अहो, आम्ही बाहेर पडणारच नाही, दोन तास बाकावर बसून राहणार. ती शांतपणे म्हणाली, “तेवढ्यासाठीच लागतो.”

सामान ट्रॉलीवर परत चढलं. पहिलं तिकीट बुडालं. मुलीनं तिकडून आखाती मार्गाचं दुसरं काढून दिलं, दुपटीच्या भावानं, दुसऱ्या दिवशीचं. घरी परतताना हिनं एकच वाक्य उच्चारलं, “ज्या देशात जायचंच नाही त्याच्या परवानगीसाठी परत आलो म्हणजे कमाल झाली.” तेव्हापासून मी एका जुन्या डायरीत देशवार नोंदी ठेवतो. हा आढावा त्याच डायरीतून.

सुरुवात काउंटरपासूनच करायला हवी, कारण ही सगळी अडचण वाटेतल्या देशात नाही, इथेच, आपल्याच गावात उभी राहते. ती मुलगी ना त्या देशाची नोकर, ना आपल्या इमिग्रेशनची. तिच्या पडद्यावर ‘टिमॅटिक’ नावाची माहितीप्रणाली असते. ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना ती चालवते. राष्ट्रीयत्व, वाटेतला विमानतळ, मुक्काम, हातातले व्हिसे घातले की लागतो किंवा नाही लागत, एवढं उत्तर ती देते. उत्तर ‘लागतो’ आलं तर कंपनी चढू देत नाही, आणि यात तिचा दुष्टावा काही नसतो. ब्रिटननं १९८७ मध्ये कायदा करून अपुऱ्या कागदांच्या प्रत्येक प्रवाशामागे विमान कंपनीला हजार पौंडांचा दंड लावला. श्रीलंकेतून जीव वाचवून आलेले तामिळ हीथ्रोवर उतरले होते, त्याच्या पाठोपाठ हे घडलं. युरोपीय संघानं २००१च्या निर्देशात दंडाचे किमान आकडे ठरवून दिले, तेही प्रवाशामागे हजारांच्या घरातले युरो. शिवाय माणूस परत आणायचा खर्च कंपनीवरच. आता सांगा, संशय आला तर ती मुलगी कुणाच्या बाजूनं चुकेल?

आणि कागद खरोखरच अपुरे असले तर भरपाईच्या दारातही जागा नाही. विमानांच्या विलंबासाठी युरोपात जो प्रसिद्ध नियम आहे, २००४ सालचा २६१ क्रमांकाचा, त्यात ‘चढू न देणं’ याच्या व्याख्येतूनच अपुरे प्रवासी कागद वगळले आहेत. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांनी एक बारीक ओळ टाकलेली असते: व्हिसाची जबाबदारी प्रवाशाची. मला सगळ्यात जास्त राग या ओळीचा येतो. जेवण शाकाहारी हवं का, खिडकीची जागा हवी का, विमा हवा का, हे तीन-तीनदा विचारणारं संकेतस्थळ पासपोर्ट कुठला हे विचारून “या मार्गावर तुम्हाला व्हिसा लागेल” एवढं सांगू शकत नाही? माहिती टिमॅटिकमध्ये आहेच. पण ते सांगितलं तर स्वस्त तिकीट स्वस्त दिसणार नाही, हीच त्यातली ग्यानबाची मेख.

आता मूळ प्रश्न. विमानतळाच्या आतल्या भागात, इमिग्रेशनचं काउंटर न ओलांडता, माणूस नक्की कुठे असतो? जमीन त्या देशाचीच असते, कायदाही त्याचाच चालतो. फक्त देशात ‘प्रवेश’ झालेला नसतो. हा घोळ विमानांपेक्षा जुना आहे आणि त्याचा एक मोठा खटला मराठी माणसाच्या नावावर आहे. जुलै १९१० मध्ये ‘मोरिया’ बोट मार्सेच्या बंदरात थांबलेली असताना सावरकरांनी पोर्टहोलमधून उडी टाकून फ्रान्सचा किनारा गाठला आणि तिथल्या शिपायानं त्यांना पकडून परत बोटीवर दिलं. फ्रान्सच्या भूमीला पाय लागल्यावर त्यांना ब्रिटिशांच्या हवाली करणं बरोबर होतं का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. निकाल फेब्रुवारी १९११ मध्ये लागला: पकडून देण्यात अनियमितता झाली, पण ब्रिटननं कैदी परत करायची गरज नाही. वाटेतल्या देशाची जमीन आणि वाटसरू यांचं नातं तेव्हाही धड सुटलं नव्हतं. त्याआधी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कोलकात्याहून इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेल्या तेव्हा व्हिसा नावाची वस्तू त्यांच्या वाटेत कुठेच आली नाही. पासपोर्ट आणि व्हिसाचं आजचं रूप पहिल्या महायुद्धानंतरचं.

डायरीचं सगळ्यात जाड प्रकरण युरोपचं. शेंगेन देशांत ‘ए’ प्रकारचा विमानतळ ट्रान्झिट व्हिसा असतो. तो घेऊन देशात जाता येत नाही. फक्त विमानतळाच्या आतल्या भागात बसता येतं. १९९६ मध्ये युरोपीय संघानं पहिली सामायिक यादी केली, त्यात अफगाणिस्तान, इराक, इराण, नायजेरिया, सोमालिया, श्रीलंका असे दहा देश होते. २००९च्या व्हिसा संहितेत ते बारा झाले. पाकिस्तान आणि बांगलादेश त्यात आले. भारत त्या सामायिक यादीत नाही. पण संहितेनं प्रत्येक देशाला स्वतःची जास्तीची यादी करायची मुभा दिली आणि जर्मनी, फ्रान्सनं आपल्याला तिथे बसवलं. त्यामुळे गंमत अशी की ॲमस्टरडॅमला विमान बदलणाऱ्या भारतीयाला जे लागत नाही, ते फ्रँकफर्टला आणि पॅरिसला लागत आलं. शेंगेन म्हणजे एकच सीमा, असं आपण भूगोलात शिकतो; ट्रान्झिटच्या बाबतीत मात्र जितकी गावं तितके पाटील.

मग अमेरिकेला जाणारे आमचे आजी-आजोबा इतकी वर्षं फ्रँकफर्टवरून बिनबोभाट कसे गेले? इथे या सगळ्या विषयाची किल्ली आहे. त्याच संहितेत सूट दिलेली आहे: ज्याच्याकडे अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा चालू व्हिसा आहे, किंवा कुठल्याही शेंगेन देशाचा, त्याला ट्रान्झिट व्हिसा नको. तो व्हिसा वापरून परत येतानाही नको. मी बँकेतला, म्हणून मला हे लगेच ओळखीचं वाटलं. कर्जदाराची पत नसली तर आपण जामीनदार बघतो. इथे पासपोर्ट भारताचा, पण जामीन अमेरिकेच्या वकिलातीचा. मुलाखत त्यांनी घेतली, ठसे त्यांनी घेतले, बँकेची स्टेटमेंटं त्यांनी तपासली. जर्मनीनं फक्त सही बघितली. आणि ती सही मिळवण्यासाठी बेंगळुरूकरानं चेन्नई किंवा हैदराबाद गाठायचं. अमेरिकेच्या बेंगळुरूतल्या वाणिज्य दूतावासाचं उद्घाटन झालं ते जानेवारी २०२५ मध्ये, तेही व्हिसाच्या खिडकीशिवाय. देशाला सॉफ्टवेअर पुरवणारं शहर, आणि शिक्क्यासाठी रात्रीची गाडी पकडून परगावी.

एकदा जामीनदाराचं सूत्र ध्यानात आलं की बाकीचे नियम आपोआप लागतात. सिंगापूर भारतीयाला शहर बघायला शहाण्णव तास व्हिसाशिवाय देतं, पण हातात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशांपैकी एकाचा व्हिसा असेल आणि पुढचं विमानाचं तिकीट असेल तर. दुबईत बाहेर पडून बुर्ज खलिफा बघायचा तर अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपच्या व्हिसावर आगमनाच्या वेळी व्हिसा मिळतो. ब्रिटन स्वतः ट्रान्झिटचे दोन व्हिसे ठेवतो. एक आतल्या आत विमान बदलणाऱ्यासाठी, दुसरा सीमा ओलांडून बाहेर येणाऱ्यासाठी. भारतीयाला दोन्ही लागू. आणि दोन्हींतून सूट कुणाला? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा व्हिसा असणाऱ्याला. बाहेर आलात तर मात्र दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीच्या आत उडायला हवं.

आणि जामीनदार पडला की? माझं स्वतःचं प्रकरण तेच होतं. ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर ब्रिटनचा व्हिसा हाही चालणारा जामीन होता. ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ २०२०च्या अखेरीस संपला आणि ब्रिटनच्या व्हिसाची युरोपातली पत एका रात्रीत गेली. लंडनमध्ये कुणी कुणाशी काडीमोड घेतला, त्याची पोटगी देवनहळ्ळीच्या काउंटरवर आम्ही भरली. मँचेस्टर, लीड्सला शिकायला जाणाऱ्या किती पोरांना त्यानंतर फ्रँकफर्टचं स्वस्त तिकीट महाग पडलं, हे बागेतल्या बाकावर बसून मी ऐकलंय.

दुसरा सापळा अमेरिकेतल्या नोकरदारांचा, आणि तो जास्त वाईट, कारण त्यात हुशार माणसं अडकतात. एच-१बीची मुदत वाढली की आय-७९७ नावाचा मंजुरीचा कागद घरी येतो. नोकरी चालू, राहणं कायदेशीर, कर भरला जातो. पण पासपोर्टातला शिक्का जुन्याच तारखेला संपलेला असतो आणि नवा लागतो तो अमेरिकेबाहेर. अशा मुलाला वडील आजारी म्हणून तातडीनं निघायचं झालं आणि त्यानं हाताला लागेल ते तिकीट काढलं, तर युरोपमार्गे जाणाऱ्या विमानाच्या काउंटरवर तो कागद जामीन म्हणून चालत नाही. चालू शिक्का हवा असतो. ब्रिटनमध्ये एक पळवाट आहे: चालू व्हिसावर अमेरिकेत शिरून सहा महिने झाले नसतील तर तिथून परतताना सूट मिळते. पाच-सहा वर्षं तिथेच असलेल्याला तिचा काय उपयोग? माझ्या ओळखीतल्या एका घरात मुलगा अंत्यविधीला पोचला नाही. पहिलं विमान त्यानं शिकागोच्या काउंटरवर गमावलं.

ग्रीन कार्डवाल्याला हा त्रास नाही. अमेरिकन पासपोर्टवाल्याला तर नाहीच, असं म्हणणार होतो, पण नातवंडांचा एक नवा किस्सा सांगायला हवा. अमेरिकन नागरिकांना जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये शिरण्याआधी ईटीए ही ऑनलाइन परवानगी काढावी लागते. त्याच महिन्यात हीथ्रोवर आतल्या आत विमान बदलणाऱ्यांना त्यातून वगळलं. म्हणजे आजी भारतीय पासपोर्टवर, नातू अमेरिकन पासपोर्टवर, आणि रात्रीच्या मुक्कामासाठी हॉटेलवर जायचं ठरलं, तर आजी नातवाच्या देशाच्या व्हिसावर बाहेर येते आणि नातवाला फोनवर अर्ज भरावा लागतो. अशाच एका आजींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या फार खुशीत होत्या.

अटलांटिकच्या पलीकडे हा सगळा हिशेबच मोडतो. अमेरिकेत ‘आतल्या आत’ असं काही नाही. तिथे उतरलेला प्रत्येक माणूस इमिग्रेशनसमोर उभा राहतो, बॅगा पहिल्याच विमानतळावर उचलतो, कस्टममधून नेतो आणि पुन्हा पट्ट्यावर टाकतो. पुढचं विमान अमेरिकेतच असो की पेरूचं. व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सोय तिथे एकेकाळी होती, ती ऑगस्ट २००३ मध्ये सुरक्षेच्या कारणानं बंद केली, ती परत आलीच नाही. दक्षिण अमेरिकेत कामाला जाणाऱ्या इथल्या इंजिनिअरला त्यासाठी सी-१ किंवा नेहमीचा व्हिजिटर व्हिसा लागतो. कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा फुकट आहे, पण लागतो, आणि इथे अमेरिकेचा जामीन चालत नाही. टोरांटोवरून शिकागोला जाणाऱ्या किती सासू-सासऱ्यांना मी हे सांगितलं असेल! दर वेळी तोच चेहरा: “अहो, पण अमेरिकेचा आहे ना!” आहे. तरी नाही.

आखातावर लिहिण्यासारखं कमी आहे आणि तीच त्याची खुबी. दुबई, दोहा, अबुधाबीला आतल्या आत विमान बदलायला आपल्याला काहीही लागत नाही. बसवनगुडीतल्या घरोघरी आखाती कंपन्यांच्या उशा नि कानटोप्या का सापडतात, याचं कारण विमानातलं जेवण नव्हे. अबुधाबीला तर २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकून घेता येतं. पुढे उतरल्यावर माणूस मुंबईहून बेंगळुरूला आल्यासारखा बाहेर पडतो.

खरा धोका मात्र देशांपेक्षा तिकिटात जास्त असतो. एकाच पीएनआरवर दोन विमानं असली की बॅगा परस्पर पुढे जातात आणि दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास इथेच हातात पडतो. दोन वेगळी तिकिटं स्वस्त म्हणून जोडली, की मधल्या गावात बॅगा पट्ट्यावर येतात. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे. बॅग घ्यायची तर देशात शिरायला हवं, शिरायचं तर प्रवेशाचा व्हिसा हवा, आतल्या आतला ट्रान्झिट व्हिसा चालत नाही. काही संकेतस्थळं अशी जोडतिकिटं एकाच पानावर अशा सफाईनं दाखवतात की शिकलेली माणसंही फसतात. तसंच गाव एक आणि विमानतळ दोन: हीथ्रोला उतरून गॅटविकहून उडायचं, पॅरिसला शार्ल द गॉलवरून ऑर्लीला जायचं, इस्तंबूलला नवा विमानतळ सोडून साबिहा गोकचेन. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं म्हणजे शहरात शिरायचंच. आणि फ्रँकफर्टवरून म्युनिक आणि तिथून पुढे अमेरिका, असं तिकीट असेल तर फ्रँकफर्टलाच शेंगेनमध्ये प्रवेश होतो. मधलं विमान त्यांच्या लेखी देशांतर्गत आहे. तिथे ट्रान्झिटच्या सवलती सगळ्या गुंडाळल्या जातात.

इतकं सगळं बरोबर करूनही विमान आपल्या मनासारखं वागेल असं नाही. १ डिसेंबर २०२४ला बहारिनहून मँचेस्टरला निघालेलं गल्फ एअरचं विमान बिघाडामुळे कुवेतला उतरलं. त्यात मुंबईहून आलेले बरेच भारतीय होते. ब्रिटिश आणि युरोपीय पासपोर्टवाल्यांना हॉटेलं मिळाली. भारतीय विमानतळावरच अडकून पडले, कारण त्यांना कुवेतचा आगमनाच्या वेळचा व्हिसा नव्हता. त्याच दिवशी गावात आखाती राष्ट्रांची शिखर परिषद. आपल्या दूतावासाची माणसं गेली तेव्हा त्यांची लाउंजमध्ये सोय झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान हललं. चारच महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, लंडनहून मुंबईला येणारं व्हर्जिन अटलांटिकचं विमान एका प्रवाशाच्या आजारपणामुळे तुर्कस्तानात दियारबाकिरला वळवलं गेलं, उतरताना बिघडलं आणि अडीचशेहून जास्त लोक चाळीस तासांहून अधिक काळ रखडले. लष्कराशी जोडलेला छोटा विमानतळ, त्यात लहान मुलं, मधुमेही. या लोकांनी ना कुवेतचं तिकीट काढलं होतं ना दियारबाकिरचं. कुठल्या डायरीत नोंद करून ठेवली असती तरी काय उपयोग? कुवेतला तर एकाच विमानातली माणसं, बिघाड एकच. रात्र कुठे काढायची हे मात्र पासपोर्टाच्या रंगानं ठरलं.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. २१ डिसेंबर २०२३ला फुजैराहून निकाराग्वाला निघालेलं लेजंड एअरलाइन्सचं विमान इंधन भरायला फ्रान्समध्ये वात्रीच्या विमानतळावर उतरलं आणि तिथेच धरलं गेलं. आत ३०३ प्रवासी, बहुतेक भारतीय. मानवी तस्करीचा संशय होता. विमानतळाच्या दालनात खाटा मांडल्या, नाताळच्या आदल्या दिवशी तिथेच न्यायाधीश बसले. २६ डिसेंबरला २७६ जणांना घेऊन ते विमान मुंबईत उतरलं, काही जण आश्रय मागून मागे राहिले. पंजाब, हरियाणा, गुजरातमध्ये ज्याला ‘डंकी’ म्हणतात तो मार्ग ट्रान्झिटच्या फटीतूनच जातो: एका सोप्या देशाचं तिकीट काढायचं आणि वाटेत गायब व्हायचं किंवा आश्रय मागायचा. ट्रान्झिट व्हिसाचा जन्मच या भीतीतून झाला. भीती अगदी खोटी नाही. पण गाळणी अशी की तिच्यात एडिंबरोला नात बघायला चाललेली बाई अडकते आणि अख्खं चार्टर विमान भरणारा दलाल सुटतो.

आपणही काही कमी नाही. भारताचाही ट्रान्झिट व्हिसा आहे, जास्तीत जास्त बहात्तर तासांचा. विमानतळाबाहेर न पडता चोवीस तासांत पुढे जाणाऱ्याला तो लागत नाही. आणि कागद सगळे बरोबर असूनही अडवणूक होऊ शकते, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये शांघायला दिसलं. लंडनहून जपानला जाणाऱ्या एका भारतीय महिलेला तिथे सुमारे अठरा तास रोखून धरलं, कारण तिच्या पासपोर्टावर जन्मस्थान अरुणाचल प्रदेश होतं आणि चीनला ते मान्य नव्हतं. चीन बहुतेक सर्व देशांच्या प्रवाशांना चोवीस तासांचा बिनव्हिसा ट्रान्झिट देतो. तोच नियम, तेच टर्मिनल. अडलं ते जन्मगावाशी. भारतानं निषेध नोंदवला.

यावरचा खरा उपाय म्हणजे थेट विमान, आणि तो बेंगळुरूनं थोडा काळ चाखलाही. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं एअर इंडियाचं पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवाच्या वाटेनं बेंगळुरूला उतरलं, कॉकपिटात सगळ्या महिला. त्या आठवड्यात आमच्या बागेत दुसरा विषय नव्हता. सोळा-सतरा तास पाय आखडून बसायचं, पण मधल्या कुणाला तोंड दाखवायचं नाही! मग एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या थेट विमानांना वळसे आले, इंधनासाठी व्हिएन्नासारखे थांबे आले. तिकिटात वाटेतला देश नसला तरी आकाशात तो असतोच.

थेट विमान हाती नाही तोवर आमच्या गल्लीत जे चालतं ते सांगतो. जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट एका रबरबँडात. अमेरिका ते मानते, पण वाटेतला देश मानतो का हे आधी विचारायचं. आईवडिलांसाठी व्हीलचेअर मागायची, पाय धड असले तरी. विमान कंपन्या यावर कुरकुरतात आणि खऱ्या गरजूंची त्यात आबाळ होते हे मला कबूल आहे. पण इंग्रजी न येणाऱ्या बाईला फ्रँकफर्टच्या बोगद्यातून एका गेटवरून दुसऱ्या गेटला कुणी हाताला धरून नेणार असेल तर ती खुर्ची पायांसाठी नसतेच, जिभेसाठी असते. हिच्या मावशी गेल्या तेव्हा खुर्ची ढकलणारा पोरगा नेमका जालंधरचा निघाला. दोघांनी हिंदीत घरच्या भाकरी-चपात्यांपर्यंत गप्पा मारल्या आणि मावशींनी त्याला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली.

जानेवारी २०२६ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर मेर्त्स भारतात आले तेव्हा जर्मन विमानतळांवरून जाणाऱ्या भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागणार नाही, अशी घोषणा झाली. सकाळी पेपर हातात घेऊन तिघं-चौघं बाकाशी आले. “अहो एन्क्वायरी, सुटलो की नाही?” मी घरी येऊन डायरी काढली. जर्मनीचं पान उघडलं. दोन शेंगेन विमानतळांची ओळ तशीच ठेवली, दोन तिकिटांची ठेवली, आणि वरच्या ‘लागतो’वर रेघ मारली. हिनं चहा ठेवता ठेवता पाहिलं आणि म्हणाली, “पेन्सिलनं का?”

मी म्हटलं, काउंटरवरच्या मुलीच्या पडद्यावर आधी दिसू दे.